विलासरावांचा राखाडी घोडेस्वार

विलासराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर खेळातल्या एका अंगठ्याएवढ्या सैनिकावर रंगाआधीच्या प्रायमरचा फवारा मारत होतो. बायकोनं जिन्यातून हाक मारली, आवाजावरूनच कळलं... डबा दाबलेलाच राहिला आणि सैनिकाचं नाकतोंड बुजून गेलं. पहिला विचार काय यावा? हे बघायला विलासराव नाहीत ते बरं, हसले असते. मग मात्र तिथंच खाली बसलो.

विलासराव माझे साडू. सासूबाईंनी आमची तुलना पहिल्या दिवाळसणापासून सुरू केली आणि तेव्हापासून दोघांत माझा नंबर दुसरा. ते वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करणारे, तरी केस दाट आणि पोटाचा पत्ता नाही. त्यात त्यांच्या मुलानं टेबलावर फाशांनी खेळायचा लढाईचा खेळ आणला. मुलगा पुण्याला गेला, खेळ मागं राहिला, आणि आम्ही पन्नाशीतले दोन सेनापती दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लढू लागलो. लढाई बहुतेक वेळा मी जिंकायचो. कौतुक मात्र त्यांनी रंगवलेल्या सैनिकांचं व्हायचं.

रेझिनचा सैनिक पार्सलमधून येतो तो तेलकट. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल अंगावर तसंच राहिलं, की नंतर रंगाचे पापुद्रे निघतात. विलासराव त्याला भांड्यांच्या साबणानं, जुन्या टूथब्रशनं अशी आंघोळ घालायचे की त्यांची बायको सुमन म्हणायची, "पोराला कधी एवढं घासलं नाय यांनी." वाकडा भाला गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा, साच्याची शिवण ओल्या पॉलिशपेपरनं घासायची, मग औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवून प्रायमर मारायला गच्चीवर न्यायचं. तेही ऊन चढायच्या आत. आपल्याकडच्या उन्हात फवारा हवेतच सुकतो आणि सैनिकाला घामोळं आल्यासारखं दिसतं. माझ्या अख्ख्या फौजेला घामोळं आहे. शिवाय मला धीर नाही. थर दिला की बोट लावून बघायचं.

"साडूभाऊ, हात नका लावू. ओलं हाय अजून."

"बघत होतो फक्त."

"मग डोळ्यानं बघा की! बोटाला काय दिसतंय?"

सुमन हसायची. माझी बायको जरा जास्तच हसायची.

तेराव्यानंतर सुमननं झाकणावर चिकटवलेला एक घोडेस्वार माझ्या हाती दिला. "दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन बसले. नाय म्हटलं तरी ऐकलं नाय. तुम्हीच रंगवा आता, दाजी."

राखाडी थर अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत. घरी आणला, ब्रश काढले, आणि जुनाच हेवा वर आला. रंग माझा असला तरी लोक म्हणणार, मुळात प्रायमरच किती सुरेख होता! म्हणून आधी भिंग घेऊन खोट शोधायला बसलो. सापडली. घोड्याच्या मागच्या मांडीवर, थर ओला असताना टेकलेलं अर्धं बोट. रेषा न् रेषा दिसत होती.

इतकी वर्षं वाट पाहिली ती चूक अखेर हातात होती. मोठ्यानं म्हणालोही, "विलासराव, डोळ्यानं बघायचं की..." भिंग खाली ठेवलं. सुकेपर्यंत थांबायला त्या सकाळी त्यांनाही सवड नव्हती.

रंग दिला तर ते बोट बुजणार. म्हणून घोडेस्वार तसाच माझ्या शोकेसमध्ये आहे, माझ्या घामोळलेल्या फौजेच्या पुढं. परवा सासूबाई आल्या, चष्मा सावरून शोकेससमोर उभ्या राहिल्या आणि नेमकं त्याच्याकडंच बोट दाखवून म्हणाल्या, "हा तेवढा छान झालाय."

रंगवलेलासुद्धा नाही हो तो!