डावीकडची पट्टी

फ्रेमवाल्या काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या दुकानाच्या फुटलेल्या काचेतून. रस्त्यात दोन हमालांची जुंपली होती. एकानं दुसऱ्याला उचलून दर्शनी काचेवर आदळलं आणि तो काचेसकट आत, आरशांच्या ढिगावर येऊन पडला. कोपराजवळून रक्ताची चिळकांडी उडाली. काका जागच्या जागी थिजले. तेवढ्यात गळ्यात शिंप्याची मापाची टेप आणि कॅमेरा अडकवलेली एक बाई वाकून त्या भगदाडातून आत शिरली. टेप काढून तिनं त्या माणसाच्या दंडावर करकचून आवळली, टेपचं टोक दातांत धरलं आणि मोकळ्या हातानं फोटो काढला.

काकांचं भान परत आलं ते रागानंच. "अहो, लाज नाही का वाटत? माणूस मरतोय इथं!"

"मरत नाही. धरलंय मी," ती दातांतल्या टेपमधूनच ओरडली. "तुम्ही आधी गाडी बोलवा. माझी लाज मग काढा सावकाश."

हमाल वाचला, टेप मात्र रक्तानं वाया गेली. काकांनी तिला नवी टेप घेऊन दिली आणि रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत यायचं आमंत्रणही दिलं.

त्या खोलीत दर रविवारी सकाळी फोटोंचं टेबल भरायचं. रस्त्यावरचे, कामावरचे, भांडणाचे, अपघाताचे, जो तो आपापले फोटो घेऊन यायचा. एक फोटो टेबलावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. "छान आहे" म्हणायला बंदी होती. काय चुकलं आणि कसं सुधारेल, एवढंच बोलायचं. आणि ज्याचा फोटो, त्यानं सगळ्यांचं होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. सबबी ऐकायला कुणाला वेळ आहे, असं काकांचं म्हणणं.

ती धंद्यानं शिंपीण. एका जिन्याखाली तिचं मशीन होतं. नवरा बोटीवर, घरी ठार बहिरे सासरे. त्यांच्याशी बोलून बोलून तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. टेबलावर यायची ती पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे आणि मोठी कात्री घेऊन. पुठ्ठे फोटोवर सरकवत चौकट लहान लहान करत न्यायची आणि अचानक थांबायची.

"इथून काप. बाकीचा नुसता पसारा आहे."

"ताई, अहो ते माझ्या आईचं घर आहे," एकदा बसचा ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

"मग आईला जाऊन दाखव. मला का दाखवतोस? आणि गप्प, फोटो तुझा आहे."

लोकांनी तिचं नाव कात्रीबाई ठेवलं. ड्रायव्हर तर दोनदा रुसून निघून गेला आणि दोन्ही वेळा परत आला, कारण तिनं कापलेला फोटो खरोखर जिवंत व्हायचा. काकांना तिचं एक आवडायचं. स्वतःचा फोटो टेबलावर असला, की ती मांडीखाली हात दाबून बसायची आणि निमूट ऐकायची. "तुमच्या फोटोंत हातच हात असतात, बाई. माणसाच्या तोंडाकडे बघायला भिता का?" असं काका एकदा म्हणाले. ती लालबुंद झाली, पण बोलली नाही. नंतरच्या रविवारी नुसते चेहरे घेऊन आली.

त्या वर्षी गिरणीच्या फाटकावर मारामारी झाली. कामावरून काढलेले लोक आणि फाटकावरचा राखणदार यांची आधी बाचाबाची, मग दगड, मग लोखंडी सळया. राखणदार खाली पडला तरी लोक थांबेनात. ड्रायव्हरची बस त्याच गर्दीत अडकली होती. त्यानं खिडकीतून फोटो काढला आणि रविवारी टेबलावर ठेवला.

मधोमध राखणदार, एक डोळा रक्तानं बुजलेला. त्याच्या डोक्यावर उगारलेली सळई. सळईला हात घातलेला, तोंड वासलेला माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता, काकांच्या दुकानासमोरचा बेकरीवाला. डाव्या बाजूला उलटलेली हातगाडी आणि चौकडीच्या शर्टातलं कुणीतरी, हललेलं, धूसर.

कात्रीबाईनं पुठ्ठे सरकवले. "डावीकडे नजर सांडते. ही गाडी, हे शर्टाचं भूत, काय कामाचं? घाव इथं आहे."

ड्रायव्हरनं तोंड उघडलं. "ताई, तो बेकरीवाला..."

"गप्प! तुझी पाळी नंतर."

तिनं कात्री चालवली. डावीकडची पट्टी काकांच्या, फ्रेमच्या कपच्या टाकायच्या खोक्यात जाऊन पडली. उरलेला फोटो असा काही उसळून वर आला, की एकानं नियम मोडून "बाप रे" म्हटलं. ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. इतकं कौतुक त्याचं जन्मात झालं नव्हतं. सांगायचं ते त्यानं गिळलं. कापलेला फोटो त्यानं सांजच्या पेपरला दिला आणि तो पहिल्या पानावर आला.

राखणदार इस्पितळातच दगावला. त्याच दिवशी त्याचे भाऊ तो पेपर घेऊन बेकरीत शिरले.

काकांना समोरून सगळं दिसलं. बेकरीवाल्याला त्यांनी केसाला धरून पिठाच्या टेबलावर आपटलं. भट्टीत ब्रेड सरकवायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन एकानं त्याच्या बरगड्या फोडल्या. "ह्याच हातानं मारलंस ना?" म्हणत थोरल्यानं त्याचा उजवा हात भट्टीच्या तापल्या दारावर दाबून धरला. ती किंकाळी रस्ताभर गेली. माणसं दारात जमली आणि दारातच थांबली.

ड्रायव्हर बस सोडून धावत आला. "त्यानं मारलं नाही हो! त्यानं सळई अडवली होती! धरून ठेवली होती!"

कात्रीबाई जिन्याखालून आलीच होती. तिनं त्याची कॉलर पकडली. "मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोलू कुठं दिलंत?"

तिनं कॉलर सोडली. पुढच्या क्षणी ती गर्दी फाडून आत घुसली आणि बेकरीवाल्यावर आडवी पडली. फावडं तिच्या जबड्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज काकांना रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला. ती तोंडातून रक्त ओकत होती, पण हटली नाही.

काकांचे पाय तेव्हा कुठं हलले. त्यांनी खोकं जमिनीवर पालथं केलं, कपच्यांतून ती पट्टी शोधली आणि बेकरीत जाऊन थोरल्या भावाच्या हातातल्या पेपराशेजारी धरली. पेपरातला फोटो मोठा होता, पट्टी लहान. पण एकदा दिसलं की झालं. सळईचं टोक चौकडीच्या शर्टवाल्याच्या दोन्ही हातांत होतं. बेकरीवाल्यानं ती मधेच पकडली होती, सगळा भार टाकून.

थोरल्यानं तो शर्ट ओळखला. मग त्यानं पट्टी खिशात घातली, फावडं उचललं आणि भावांसह गिरणीच्या चाळीकडे पळत सुटला. काका मागून ओरडत राहिले. ड्रायव्हरनं पोलिसांना गाठलं म्हणून बरं. चौकडीच्या शर्टवाला भावांच्या आधी त्यांच्या हाती लागला.

कात्रीबाईचा जबडा तारेनं बांधला. तशीच ती टेबलावर आली. ड्रायव्हरनं कापलेला आणि अखंड, असे दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेवले.

"ताई, आज फोटो तुमचा धरू. काप तुमचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही रेषा बघितल्यात, धक्का बघितलात. कोण काय करतंय ते बघितलं नाहीत. मीसुद्धा थापा खात बसलो."

ती मांडीखाली हात दाबून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहून तारेवर येत होतं. काकांनी तिथंच नियम बदलला. आता फोटो काढणारा आधी बोलतो, काय घडलं ते सांगतो, मगच बाकीचे. तिनं मान हलवली आणि पुठ्ठ्याचे दोन्ही तुकडे काकांच्या खोक्यात टाकले.

बेकरीवाल्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी कात्रीबाई त्याचं पीठ मळून देते. तो अजून तिच्याशी बोलत नाही.