पायऱ्या बुजवल्या तेव्हा

आमचं गाव तेरपासून दोन कोसांवर. गावच्या बारवेत बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरत आणि घागरी भरत. ज्यांच्या पायात नारू होता त्याही शिरत. नारूचा किडा त्या पाण्यात पिल्लं सोडी. ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं नवा किडा बाहेर येई. आईच्या पायातला काडीला गुंडाळून ओढताना तुटला. पाय मांडीपर्यंत सडला आणि ती गेली.

निजामाच्या राज्यात पाणीपुरवठ्याच्या खात्याला आबरसानी म्हणत. वडील तिथं मिस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. खात्यानं पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या ठरवल्या. काठावर रहाट बसवायचे, पाण्याला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. भिंत वडिलांनी स्वतः बांधली.

खात्यानं नारूचा विचार केला होता. कुणी कुठं उभं राहायचं याचा केला नव्हता. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पायऱ्यांची बंदी होती. त्या बायका वर थांबत आणि कुणी ओतलं तर घेत. आता सगळ्यांनाच वर उभं राहायचं होतं.

पहिल्याच सकाळी त्या वस्तीतल्या एका विधवेनं रहाटावर बादली सोडली.

“मागं सर,” पाटलाचा भाऊ म्हणाला.

“दोर सरकारचा हाय, मालक. सरकारला इचारा.”

“काठाचा दगड बाटला की गं!”

“माज्या पायानं दगड बाटतो, अन् तुमच्या पायानं पानी बाटत न्हाय व्हय? मंग नारू कुठनं आला?”

कुणीतरी हसलं. पाटलाच्या भावानं तिला लाथ घातली. भरलेली बादली खाली सुटली आणि दोर तिच्या तळहातांची साल घेऊन गेला. तिचे लोक धावून आले. दगड सुरू झाले. एका पोराचा कान फाटून लोंबत होता. मग पाटलाची माणसं पहारी घेऊन भिंतीकडं वळली; पायऱ्या मोकळ्या झाल्या की बंदीही परत येणार होती.

वडील भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“माजी बायकू ह्या पान्यानं गेली. मारा.”

त्यांनी पहार मारली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तालुक्याहून पोलिसांचे अमीन आले. कोरड्यांचे फटके दोन्ही बाजूंना बसले, गावकुसाबाहेर जास्त. मग खात्याचे साहेब आले. त्यांनी वडिलांना एकच विचारलं, “मिस्त्री, दीवार रखनी है या नहीं?”

वडील म्हणाले, “रखनी है.”

भिंत राहायची तर गावकुसाबाहेरच्यांचा रहाट वेगळा, असं साहेबांनी ठरवलं. मी एक रहाट उपटला आणि बारवेच्या पलीकडच्या काठावर, गुरांच्या हौदाजवळ बसवला. विधवा आली, हातांना चिंध्या बांधलेल्या.

“मिस्त्री, हितलं पानी येगळं हाय का?”

“न्हाय बाई. तेच हाय,” वडील म्हणाले.

“मंग रहाट हलवला कशाला?”

तिनं दातांनी चिंध्या घट्ट केल्या आणि दोर धरला.

भिंत टिकली. दोन वर्षांनी गावात नारू उरला नाही, त्या वस्तीतही नाही. रहाट मात्र हौदाजवळच राहिला.