दहा माणसांचा फिशटँक

पडदेवाली कुणाच्याही हॉलमध्ये शिरली की आधी चपला काढायची, मग टेप. चहा-पाणी त्यानंतर. तिचा एकच नियम होता, नजरेवर भरोसा ठेवायचा नाही. खरं कापड कापायच्या आधी ती जुन्या अस्तराचा कच्चा पडदा शिवून टांगायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "दोन दिवस याच्यासोबत राहून बघा. नाही पटला तर आत्ताच बोला." लोक हसायचे. हसू देत. तिचा एकही पडदा कधी परत आला नाही. हसणाऱ्यांची लग्नंसुद्धा एवढी नीट बसलेली नाहीत.

तर अशा बाईच्या स्वतःच्या हॉलमध्ये भानगड झाली. भानगडीचं नाव पैलवान. नवऱ्याने आणला तेव्हा हा ऑस्कर मासा अंगठ्याएवढा होता. आता फूटभर. छोट्या टाकीत वळायचं म्हटलं की, भरल्या बसमध्ये जाडा माणूस वळतो तसा आधी मागे सरकायचा, मग पोट सांभाळायचा, मग शेपटी काचेवर आपटायचा. तरी शिलाई मशीन सुरू झालं की काचेला तोंड लावून हजर. सुई वर-खाली, याचे डोळे वर-खाली. नवऱ्याकडे त्याने असं कधी बघितलं नाही आणि नवऱ्याला ते लागायचं.

टाकीचा फिल्टर बदलायला आलेला फिशटँकवाला मान हलवत म्हणाला, "ताई, याला मोठा टँक घ्या, नाहीतर मला परत द्या. एक हॉटेलवाला लॉबीसाठी मागतोय. रविवारी त्याला उत्तर द्यायचंय."

"लॉबीत याला ओळखणार कोण?"

"लॉबीत कुणीच कुणाला ओळखत नाही, ताई."

संपलं. पडदेवालीचं डोकं फिरलं. तिने फ्रिजची रिकामी खोकी गोळा केली आणि पुठ्ठा, अस्तर, चिकटपट्टी घेऊन हॉलमध्ये कच्चा फिशटँक उभा केला. सहा फुटी. घ्यायचा तर दणक्यात.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि दार अर्धवट उघडून अडकलं. एक खांदा आत, बाकीचा नवरा बाहेर.

"मी राहतो का अजून इथे?" त्याने फटीतून विचारलं.

"पोट आत घे, मग राहतोस."

सासूबाई तोवर पुठ्ठ्याच्या टँकमध्ये खुर्ची टाकून टीव्ही बघत होत्या. त्यांचं म्हणणं, बाकी जागाच कुठे ठेवलीस.

मग चार फुटी केला. दार उघडलं, सगळे खूश. पण पडदेवालीने पैलवानाच्या मापाचा पुठ्ठ्याचा मासा कापला होता. तो तिने त्या टँकच्या सव्वा फूट रुंदीत गोल फिरवून बघितला. शेपटी घासली. "नुसता लांब असून काय करायचंय?" ती म्हणाली. "त्याला कुठे गावाला जायचंय? त्याला वळायचंय."

म्हणजे रुंदी दोन फूट हवीच. लांबी पाच, तेवढ्यात दार सुटतं. उंची तीन फूट बरी दिसत होती, पण स्टुलावर चढूनही तिची बोटं तळाला पोचेनात. टँक साफ करायला रोज सर्कशीतला माणूस कुठून आणायचा? उंची दोन. खिडकीपाशी ठेवला तर उन्हाने पाणी हिरवं होणार, म्हणून आतली भिंत. तिथला सोफा खिडकीखाली गेला. दोन दिवस सगळे त्या पुठ्ठ्याला वळसा घालून जगले आणि कुणाचा गुडघा आपटला नाही. माप पक्कं.

आता नवरा आडवा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला वजन किलोत कळत नसे, माणसांत कळे. "पाणी, काच, दगड, स्टँड," तो बोटांवर मोजत म्हणाला, "दहा माणसं होतात. दहा माणसं एका कोपऱ्यात, कायमची. बाई, जमीन खाली जाईल."

मिस्त्रीने येऊन भिंतीखालचा बीम दाखवला, चालेल म्हणाला. पण खालच्या मजल्यावरचे काका ऐकायला तयार नाहीत. "मिस्त्री आपल्या घरी झोपतो," ते म्हणाले. "त्या कोपऱ्याखाली मी झोपतो."

शनिवार उजाडला. पडदेवाली पुठ्ठ्याच्या टँकसमोर उभी राहिली आणि वळून नवऱ्याला म्हणाली, "दहा माणसं ना? मग दहा माणसं आणू. कच्चा टँक आहेच, कच्चं पाणी भरून बघू."

नवऱ्याला हे वेड वाटायला हवं होतं. पण लिफ्टवाल्याला हे एकदम पटलं.

दुपारी नवरा, त्याचे कामावरचे चार मित्र, शेजारच्या दोन्ही बहिणी, फिशटँकवाला आणि पडदेवाली पाच बाय दोनच्या पुठ्ठ्यात शिरले. कुणाची कोपरं कुणाच्या बरगड्यांत, कुणाच्या केसांचं तेल कुणाच्या नाकात. एक कमी पडत होता. तेवढ्यात दारात काका, तावातावाने.

"काय चाललंय हे? माझ्या छतावर?"

"काका, बरं झालं आलात. आत या."

"मी?"

"छत तुमचं, मग खात्री दुसऱ्या कुणी करायची?"

काका चपला काढून आत आले. दोन्ही बहिणींनी ओढून त्यांना मधोमध बसवलं, म्हणजे अक्षरशः कोंबलं. कुणीतरी हसलं आणि ते हसू दहाही पोटांतून फिरून परत आलं. पुठ्ठा फुगला. पैलवान आपल्या टाकीतून तोंड उघडं टाकून बघत होता.

"एक मिनिट," काका गुदमरत म्हणाले. "मी इथे. मग खाली माझं छत कोण बघतंय?"

मग सासूबाई उठल्या, काकांच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि खाली गेल्या. थोड्या वेळाने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला, पण हात बाहेर निघेना. शेवटी फिशटँकवाल्याने हनुवटीने स्पीकर लावला.

"छताला केसाएवढी चीर नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण या माणसाच्या पंख्यावर धूळ बघा किती."

काका लालबुंद झाले. "घ्या तुमचा टँक," ते म्हणाले, "पण मला आधी बाहेर काढा." हसण्याच्या नादात चिकटपट्टी फाटली आणि दहा जण हॉलभर सांडले.

फिशटँकवाल्याने जमिनीवर पडल्या पडल्याच हॉटेलवाल्याला फोन लावून नाही सांगितलं.

पक्का टँक आला, पाणी भरून चार दिवस स्थिरावलं, आणि पैलवान त्यात उतरल्यावर थेट तळाला जाऊन एका कुशीवर आडवा झाला. हलेचना. "रुसलाय, यांच्यात असतं," फिशटँकवाला फोनवर म्हणाला. पडदेवालीने काकांच्या बेडरूमसाठी शिवायला घेतलेला पडदा काढला, मशीनवर बसली आणि पाय मारला.

सुई वर-खाली. पैलवानाचा एक डोळा वर-खाली. मग तो सरळ झाला, मागे न सरकता, पोट न सांभाळता गोल वळला आणि शेपटी काचेला लागलीच नाही.

"तिकडे नको बघूस," ती नवऱ्याला म्हणाली. "लाजेल तो."

नवरा तरी बघत राहिला. तेव्हा पैलवानाने त्याच्याकडेही बघितलं. थोडंसं.