पुस्तक दाखवा!

लोककथांच्या अभ्यासकाला एक नियम लवकर उमगतो: किस्सा एकटा नांदत नाही. एक सांगून झाला की ऐकणारा आपला पुढे करतो, तिसरा दोघांनाही दुरुस्त करतो, आणि चहा निवेपर्यंत चारांची मोळी बांधली जाते. गावोगाव हिंडून मी कथांचे पाठभेद टिपले. निवृत्तीनंतर उमरखेडला स्थिरावलो, तेव्हा वाटले होते की आता वही मिटावी. ती पुन्हा उघडावी लागली, ढाणकीजवळच्या एका शाळेच्या ग्रंथालयामुळे. यातले बहुतेक किस्से मी डोळ्यांनी पाहिले आहेत. जे पाहिले नाहीत, त्यांचे साक्षीदार भरवशाचे आहेत.

तिथल्या ग्रंथपाल नसीम मॅडम माझ्या जुन्या विद्यार्थिनी. एका दुपारी त्यांचा फोन आला. "सर, माझी खोली चालली!" संस्थेच्या सचिवांना ग्रंथालयाच्या जागी डिजिटल वर्ग करायचा होता. 'ज्या खोलीत कोणी येतच नाही, ते ठेवायची कायले?' हा त्यांचा सवाल. हेडसरांनी कशीबशी स्नेहसंमेलनापर्यंत मुदत मिळवली होती. तोवर दर शनिवारी ग्रंथालयात प्रश्नमंजुषा घ्यायची, असे मॅडमनी ठरवले आणि प्रश्न विचारायला मला बोलावले.

पहिल्या शनिवारी सात मुले आली. त्यांतली चार, खोलीत पंखा आहे म्हणून!

मी विचारले, "महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?"

"वाघ!" सातही जण एका सुरात.

मी म्हणालो, "शेकरू." खोलीत नापसंतीची कुजबुज झाली. सातवीतली पायल राठोड उभी राहिली. ही तांड्यावरून सायकलने येणारी मुलगी. तिने शांतपणे विचारले, "सर, वाघ आमच्या वावरापर्यंत येऊन गेला. शेकरू कोणं पाह्यलं?"

युक्तिवाद बिनतोड होता. अडलेला प्राध्यापक जे करतो तेच मी केले: नियम काढला. यापुढे तोंडी उत्तराला अर्धे गुण. पूर्ण गुण हवे असतील, तर याच ग्रंथालयातले पुस्तक काढून पान दाखवायचे. त्या दिवशी शेकरू सापडायला पाऊण तास लागला. घंटा झाली, तरी पंख्याखालची चौघेही घरी गेली नव्हती.

*

नियम माणसाला शिस्त लावतो, असा समज आहे. माझा अनुभव असा की नियम माणसाला आधी हुशार करतो.

महिन्याभरात गट पडले. एक गट पायलचा, दुसरा अयानचा. अयानच्या वडिलांचे बसस्टँडजवळ गॅरेज. दोन्ही गटांना एकाच आठवड्यात एकच युक्ती सुचली: समोरच्याला पान दाखवताच येऊ नये म्हणून शुक्रवारीच पुस्तके घरी न्यायची! आधी कोशाचे खंड गेले, मग विज्ञान, मग चरित्रे. शेवटी पाककृतीसुद्धा.

नसीम मॅडमची देवघेव जुन्या पद्धतीची. प्रत्येक पुस्तकाच्या आत खिसा, खिशात कार्ड. पुस्तक बाहेर गेले की कार्डावर नेणाऱ्याचे नाव लिहायचे आणि ते लाकडी ट्रेमध्ये उभे करायचे. पुस्तक परतले की कार्ड पुन्हा खिशात. त्या शुक्रवारी ट्रेमध्ये बोट शिरेना.

संध्याकाळी हेडसर फेरीवर आले. कपाटांत धुळीच्या चौकटींखेरीज काही नव्हते. ते गहिवरले. "शाबास मॅडम! मला वाटलं होतं तुम्ही अडून बसाल. तुम्ही तर खोली रिकामीच करून दिली!"

मॅडम म्हणाल्या, "मी नाही केली सर. पोरायनं केली!"

*

त्यानंतरच्या सोमवारी अयानचे वडील स्वतः ग्रंथालयाच्या दारात उभे. हात ऑईलने काळे, म्हणून पुस्तक कोपरांमध्ये धरलेले. यंत्रांविषयीचा जाड सचित्र खंड.

"मॅडम, हे आज जमा करायचं होतं. पण आणखी चार रोज ठेवू का?"

"अयानचं वाचून झालं नाही का?"

"त्याचं कवाच झालं. माझं राह्यलं!"

चार दिवसांनी पुस्तक परतले, तेव्हा एका पानावर काळा, ठसठशीत अंगठा उमटलेला होता. मॅडमनी तो पुसला नाही. शनिवारी मी विचारले, "डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, मग इंधन पेटते कसे?" अयान उडी मारून उठला. "दाबानं हवा तापते, त्यानं!" क्षणात त्याने तो खंड उघडून माझ्यापुढे धरला. एवढ्या जाड पुस्तकात नेमके पान इतक्या झटकन कसे सापडले, असे मी विचारले.

"सोपं हाये ना सर. अब्बूचा अंगठा पाह्यला, की आलं पान!"

*

आता माझ्या पराभवाचा किस्सा. अभ्यासकाने आपला पराभव स्वतःच नोंदवावा. दुसऱ्याच्या तोंडी तो फार वाढतो.

मी विचारले, "कपाशीचे फूल कोणत्या रंगाचे असते?" माझ्या टिपणात एकच रंग होता: पिवळसर.

पायलने विचारले, "कोणत्या दिवशी, सर?"

"दिवसाचा काय संबंध?"

"पहिल्या दिवशी पिवळसर. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होते. कपाशीच्या जिल्ह्यात राहता ना सर तुम्ही?"

सगळी खोली हसली. मी माझ्या नियमाच्या आड गेलो. "पुस्तक दाखव." माझा तर्क असा की शेतातले ज्ञान शेतात राहते, ते पुस्तकात क्वचितच येते. पायल मधल्या सुट्टीत डबा न खाता कपाटे धुंडाळत राहिली आणि तळच्या खणातून शेतीची एक जीर्ण पुस्तिका घेऊन आली. त्यात दोन्ही रंग होते, दिवसांसकट!

फळ्यावर दोन गटांशेजारी तिसरा रकाना उघडण्यात आला. त्यावर लिहिले 'सर', आणि खाली भोपळा. तो अखेरपर्यंत तसाच राहिला.

त्या शोधाशोधीत पायलला ग्रंथालयाचा कोपरा न कोपरा पाठ झाला. ट्रेमधली कार्डे लावण्याचे कामही तिने मॅडमकडून मागून घेतले.

*

जानेवारीत सचिवांनी डिजिटल वर्गाच्या मापासाठी इलेक्ट्रिशियन पाठवला. स्पर्धा चालू होती. मॅडमचा चेहरा उतरला. तो गृहस्थ स्टुलावर चढून भिंतीला टेप लावू लागला. मी नेमके विचारले, "विजेचा दिवा सर्वात आधी कोणी तयार केला?"

मुले विचार करत होती. वरून आवाज आला, "एडिसन!"

तीसेक गळे एकदम ओरडले, "पुस्तक दाखवा!"

"दाखवतो ना, त्यात काय!" म्हणून तो खाली उतरला आणि कपाटात शिरला. पुस्तक सापडले. त्यात लिहिले होते की एडिसनच्या आधीही कित्येकांनी दिवे बनवले होते. त्याने टिकणारा बनवला. गृहस्थ मटकन बाकावर बसला. "बापा! पूर्ण जिंदगी मी वायरिंग करून राह्यलो, न् मलेच मालूम नाई!" तसाच वाचत बसला. माप राहिले, टेप स्टुलावर राहिला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात. मॅडमनी कोरडेपणाने टेप पुढे केला.

"टेप राहू द्या हो मॅडम. आजचा प्रश्न कोणता हाये?"

*

आणि अंतिम फेरी. स्नेहसंमेलनाचा दिवस. ग्रंथालयात बसायला जागा नव्हती. पालक खिडक्यांबाहेर उभे. सचिव मधल्या खुर्चीवर, शेजारी हेडसर, आणि हेडसरांच्या पुढ्यात डिजिटल वर्गासाठी आणलेले नवे कोरे कुलूप.

सचिवांनी प्रास्ताविक केले. "गर्दी झाली, आनंद आहे. पण गर्दी स्पर्धेची आहे, पुस्तकांची नाही. मी याच शाळेत शिकलो. एक पुस्तक कधी घरी नेलं नाही. काय बिघडलं माझं?" टाळ्या वाजल्या. नसीम मॅडमनी वाजवल्या नाहीत.

दोन्ही गट शेवटपर्यंत बरोबरीत. अखेरचा प्रश्न मी ग्रंथालयात दाखल झालेल्या पुस्तकांच्या नोंदवहीवरून काढला होता. पुस्तक कपाटात आहे की नाही, हे मात्र पाहिले नव्हते. चूक माझी. "मधमाशीला फुले सापडली, तर ती इतर माश्यांना पत्ता कसा सांगते?"

"नाचून!" पायल म्हणाली.

"बरोबर. पुस्तक दाखव."

ती कपाटाकडे गेलीच नाही. मॅडमच्या टेबलावरच्या ट्रेमधून तिने पिवळे पडलेले एक कार्ड काढले आणि माझ्या हातात दिले.

"हे पुस्तक नाही, पायल."

"पुस्तक कुठं हाये, ते त्याच्यात लिहिलं हाये सर. मधमाशीचं एकच पुस्तक होतं. गेलं ते आलंच नाही."

मी कार्ड वाचले. मोठ्याने वाचण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून सचिवांच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावला. आठवी 'अ', आणि पुढे त्यांचेच नाव, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी कार्ड उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. मग त्यांनी मोबाईल काढला.

"आई, माझं ते मधमाशीचं पुस्तक…"

पलीकडून आवाज असा खणखणीत आला की खिडकीबाहेरच्यांनाही ऐकू गेला. "हाये ना! माह्या पेटीत हाये. तू तर ते उशाशी घेऊन झोपे! काहून, कोणाले देऊन राह्यला का?"

सचिवांचा ड्रायव्हर गाडी घेऊन धावला. तो परत येईपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. पुस्तक आले. पायलने पान उघडले: माश्यांच्या नाचाची आकृती, तिच्याभोवती पेन्सिलीने काढलेले गोल.

"ते गोल मीच काढले होते," सचिव पुटपुटले.

मी पूर्ण गुण दिले. खोलीत जो कल्लोळ झाला, त्याचे वर्णन मी करत नाही. तो ओसरल्यावर सचिव उठले, पुस्तक घेऊन मॅडमच्या टेबलापुढे आठवीतल्या मुलासारखे उभे राहिले.

"जमा करून घ्या, मॅडम."

"घेते ना साहेब. पण ठेवू कुठं? खोली तर तुम्ही घेऊन राह्यले!"

सचिवांनी मान वळवून कुलपाकडे पाहिले. ते उचलून त्यांनी हेडसरांच्या खिशात टाकले. कार्ड पुस्तकाच्या खिशात सरकवले, कपाटाजवळ गेले आणि पुस्तक स्वतःच्या हाताने खणात लावले. मग परत टेबलापाशी आले.

"मंग मॅडम," ते म्हणाले, "आता दुसरं देता का?"