उस्तादांनी कापून ठेवलेलं पॅकिंग

"ते म्हनत होते," एवढं लावल्याशिवाय आमच्या भाभींनी कधी कुणाला काही सुनावलं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी खरडपट्टी काढली, तीही नवऱ्याच्या नावावर. मी मोटारसायकलच्या इंजिनाचं कव्हर घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. जुना चिकटलेला कागद मी घरीच स्क्रू ड्रायव्हरनं ओरबाडून काढला होता आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो. नवरा घरी नव्हता. भाभींनी कव्हर हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला, दोन ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "ते म्हनत होते, जो मानूस कव्हर असं खरडतो, त्याच्या हाती जनावर देऊ नये."

आता गंमत बघा. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. आणि उस्तादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, ते कव्हर तोवर डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं.

सध्या मी तिकडे धावड्याला आहे, पण तेव्हा माझी नोकरी वाटूरला होती आणि खोली भाभींच्या भिंतीला भिंत लागून. गावोगाव फिरून गाई-म्हशींना सुया टोचायच्या, म्हणून लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण नको कशाला म्हणा. माझी गाडी बाबा आदमच्या काळातली. तिच्या इंजिनातून इतकं तेल गळायचं की डॉक्टर येऊन गेले हे लोक अंगणातल्या डागावरून ओळखायचे.

इंजिनाची दोन तोंडं जिथं एकमेकांवर बसतात, तिथं मध्ये एका जाड कागदाची नेमकी कड घालतात. ती असली की तेल बाहेर येत नाही. पुस्तकात तिला गॅस्केट म्हणतात, आमच्या फाट्यावर पॅकिंग. तयार मिळतं, पण जुन्या, झिजलेल्या, एकदा आपटलेल्या कव्हराला तयार पॅकिंग बसत नाही. त्याला हातानं कापलेलंच लागतं आणि ते कापावं तर वाटूरच्या उस्तादांनी, असा पार परतूरपर्यंत लौकिक होता. उस्तादांचं गॅरेज फाट्यावर होतं. पण पॅकिंग तिथं कधीच कापत नसत. "घरी निवांत कापतो, इथं ध्यान लागत न्हाई," असं ते सांगायचे.

एका दुपारी मी आणि उस्ताद हॉटेलात चहा पीत बसलो होतो. हॉटेलाच्या मागेच आमची गल्ली. उस्तादांनी अर्धाच कप चहा घेतला होता, ते नेहमी अर्धाच घेत. तेवढ्यात त्यांच्या घरातून आवाज सुरू झाला. टक टक, टक टक, हलका, एका लयीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं कव्हर सकाळीच त्यांच्या घरी गेलं होतं. उस्ताद शांतपणे म्हणाले, "घरात सुपारी फोडून राह्यले." ती सुपारी पाऊण तास फुटत होती. त्या घरात सुपारी कुणी खातच नाही हे मला नंतर कळलं. संध्याकाळी उस्तादांनी पॅकिंग आणून दिलं आणि म्हणाले, "घ्या, माझ्या हातचं."

मी ही गोष्ट पोटात ठेवली. एवढं मोठं गुपित फक्त आपल्याला ठाऊक आहे, या आनंदात आठ दिवस काढले. मग एकदा हॉटेलवाला कानाशी लागून म्हणाला, कुणाला सांगू नका डॉक्टर, पण पॅकिंग भाभी कापतात. मग स्पेअर पार्टवाला म्हणाला, तुमच्यात राहू द्या. मग परतूरचा एक मेकॅनिक. सगळ्या फाट्याला ठाऊक होतं, आणि जो तो समजत होता की ठाऊक फक्त त्याला आहे. अळीमिळी गुपचिळी.

कारणही तेवढंच खरं होतं. उस्तादांचे हात थरथरायला लागले होते. चहा अर्धा कप का, तर पूर्ण घेतला तर बशीत सांडायचा. एकदा त्यांच्या हातून हातोडी घसरली आणि गिऱ्हाइकाच्या कव्हराचा कान तुटला. त्या दिवसापासून भाभी कापायला बसल्या. त्या ब्लाउज शिवायच्या. कडेला किती सोडायचं आणि वळणावर कात्री कशी फिरवायची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या माणसाचं सगळं नाव हातावर होतं, त्याचा हात गेला हे फाट्यावर कळू नये, एवढीच त्यांची धडपड. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा मला वाटलं, त्यात काय एवढं, आपणच घरी करून बघू. कव्हरावर कागद ठेवला आणि हातोडी घेऊन तुटून पडलो. दोन दणक्यांत कागद सरकला, तिसऱ्यात फाटला. मग दाभणानं भोकं पाडली. आवाज ऐकून भाभी बाहेर आल्या, माझी कलाकृती उन्हात धरली, आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "ते म्हनत होते, चाळन बेस झाली."

मग त्यांनी मला शिकवलं, अर्थात उस्तादांच्या नावावर. आधी समोरासमोरची दोन भोकं पाडायची आणि त्यात बोल्ट घालायचे, म्हणजे कागद हलत नाही. भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवायचा आणि एकच टोला द्यायचा. कागदाची गोल टिकली आपोआप पडते. कडेला मात्र जोर करायचा नाही. "ते म्हनत होते, कागद हातोडी न्हाई कापत, कव्हराची कडच कापते. हातोडीनं फक्त आठवन द्यायची." मी कितीही आठवण दिली तरी माझं कव्हर विसरायचं. शेवटी त्यांनी हातोडी माझ्या हातून काढून घेतली आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकून आत गेल्या.

चांगला कागद संपला की साध्या कव्हरांना त्या लग्नपत्रिका वापरायच्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या पत्रिका त्यांच्याकडे जमा व्हायच्या. पत्रिका दोन बोटांत चोळून, हे लग्न थाटाचं दिसतं, असं सांगायच्या. पण लग्न लागून गेल्याची खात्री केल्याशिवाय कात्री लावायच्या नाहीत. वरचा गणपती असो की सातशे शहाऐंशी, तेवढा तुकडा आधी कापून एका डब्यात जपून ठेवायच्या. माझ्या चुलतभावाचं लग्न माझ्याच गाडीच्या क्लचमध्ये दोन वर्षं टिकलं. भावाचंही टिकलं, ते जाऊ द्या.

मग एका हिवाळ्यात उस्ताद गेले. सकाळी गॅरेज उघडलं आणि तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस भाभी कुणासमोर आल्या नाहीत. ते दिवस संपले, भाभी दारात दिसायला लागल्या. आणि कव्हर घेऊन कुणीच येईना.

का, तर सगळे सभ्य. भाभींकडे काम न्यायचं म्हणजे तोंडानं कबूल करायचं, की उस्तादांचं म्हणून जे आम्ही इतकी वर्षं लावलं ते उस्तादांचं नव्हतं. मेलेल्या माणसाचा असा पाणउतारा कोण करणार? सगळं वाटूर तेल गाळत फिरायला लागलं. तयार पॅकिंग आणायचे, वर डिंकासारखं काहीतरी फासायचे, चार दिवसांत पुन्हा गळती. भाभी रोज सकाळी हातोडी पुसून खिडकीत ठेवायच्या आणि संध्याकाळी तशीच आत न्यायच्या. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. त्यांचा जीव त्या कामात होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यांचा मान राखता राखता, ते काढून घेतलं होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "डाक्टर, गाडी बरी हाय ना?" गाडीखाली मी तेलासाठी जर्मनची थाळी लावून ठेवली होती. मी म्हणालो, एकदम बरी. माझ्यासारखा गाढव मीच. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कव्हर खोललं आणि त्यांच्या दारात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "भाभी, उस्तादांनी माझं पॅकिंग कापून ठेवल्तं का? बघा बरं घरात."

भाभींनी पदराला हात पुसले. मग कव्हर घेतलं. "बघते," म्हणाल्या. "मापाला लावून बघावं लागंल."

घटकाभरानं टक टक सुरू झाली. हॉटेलवाला हातातली किटली घेऊन रस्त्यावर येऊन उभा राहिला. संध्याकाळी भाभींनी पॅकिंग दिलं आणि म्हणाल्या, सापडलं. कडा अजून ताज्या होत्या.

पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. आठवड्याभरात फाट्यावरचा प्रत्येक मेकॅनिक येऊन विचारायला लागला, उस्तादांनी आमचं कापून ठेवलं होतं का. भाभी प्रत्येकाचं शोधायच्या आणि प्रत्येकाचं सापडायचं. उस्तादांनी हयातीत केलं नसेल एवढं काम गेल्यावर केलं. हॉटेलवाला गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, माणूस दूरदृष्टीचा होता. असं तीन वर्षं चाललं.

मग मी नवी गाडी घेतली. सीटवरचं प्लास्टिक निघायच्या आत एका म्हशीनं तिला लाथ घातली, कारण मी सुई टोचली होती तिला आणि गाडी होती तिच्या पाठीमागं. क्लचचं कव्हर खोलावं लागलं, आतलं पॅकिंग फाटलं. शोरूमवाले म्हणाले, आठ दिवस लागतील. मी कव्हर घेऊन भाभींकडे गेलो आणि सवयीनं बोलून गेलो, उस्तादांनी या गाडीचं कापून ठेवलंय का बघा.

भाभी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग सीटच्या प्लास्टिककडे.

"ही गाडी बाजारात कवा आली, डाक्टर?"

"गेल्या साली," मी म्हणालो, आणि मगच माझ्या ध्यानात आलं. उस्तादांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सगळ्या गावानं मिळून सांभाळलेली मूठ मी भर गल्लीत उघडून ठेवली होती. मागे हसनाबादचा एक मेकॅनिक हातात कव्हर घेऊन उभा होता, त्यानंही ऐकलं.

भाभींनी ताट बाजूला सारलं. पदरानं डोळे पुसले की घाम, मला सांगता येणार नाही.

"तीन साल झाले, ते कबरीत बी कापूनच राह्यले," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर लई काम केलं त्यांनी. आता आराम करू द्या त्यांना. आना ते कव्हर, मी कापते."

त्या आत गेल्या नाहीत. तिथंच ओट्यावर पोतं अंथरलं, कव्हर मांडीपुढं घेतलं, त्यावर कागद धरला आणि पहिल्या भोकावर छर्रा ठेवला. ज्या हाताचा आवाज मी इतकी वर्षं भिंतीतून ऐकला, तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा काम करताना पाहिला. बोटं जाड होती आणि बिलकुल हलत नव्हती.

हसनाबादचा मेकॅनिक पुढं झाला. नेहमीचा प्रश्न विचारायला त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलं. मग म्हणाला, "भाभी, माझं बी कापून देता का?"

भाभींनी मान वर केली नाही. "नंबरानं ठेवा," म्हणाल्या, आणि छऱ्यावर टोला दिला.