अकराच्या तारा

तिला सगळे अकराताई म्हणतात. बँडमधले म्हणतात, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायका म्हणतात, तिची घरमालकीण म्हातारीसुद्धा म्हणते. नाव गिटारच्या तारांवरून पडलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचे संच पातळ-जाड मिळतात आणि त्यातली सगळ्यात बारीक तार किती जाड आहे त्यावरून संचाला नऊचा, दहाचा, अकराचा म्हणतात. बहुतेक लोक नऊ लावतात, फार तर दहा. बोटांना सुख असतं. ही बाई तरुणपणापासून अकरा लावत आली. तारांवरून पडलेलं नाव टिकलं मात्र तिच्या रागामुळे, कारण राग आला की ती अकरावा रुद्र. कारखान्यात ती कापड बेतते आणि कापते. तिच्या कापडाच्या थप्पीवर एकदा मुकादमानं चहाचा कप ठेवला होता. त्यानंतर तो माणूस चहा जिन्यातच पितो.

दिवसा कात्री आणि संध्याकाळी गिटार. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या दालनात तिच्या धाकट्या भावाचा बँड वाजतो. बँड भावाचा म्हणायचं, कारण तो गातो आणि पाटीवर त्याचं नाव आहे. बाकी सामान वाहणं, वायरी जोडणं, सूर लावणं हे ताईनं आणि कीबोर्डवाल्या मास्तरांनी करायचं. आईनं लाडानं त्याला बुलबुल म्हटलं होतं. आई गेली, बुलबुलची पन्नाशी उलटली, केसांना काळा रंग आला, तरी बुलबुल तो बुलबुलच. तो अगदी पहिल्या गाण्याच्या तोंडावर इस्त्रीच्या कोटात येतो आणि माइक हातात घेतो. सूर लावणं त्याच्या लेखी हमालाचं काम.

गेल्या वर्षी ताईच्या डाव्या हाताच्या अनामिकेचा सांधा सुजला. सकाळी ब्लाऊजची हुकं लागेनात. डॉक्टर म्हणाले, या बोटावरचा जोर कमी करा, नाहीतर वाजवणं सोडावं लागेल. सोडावं लागेल, असं त्यांनी औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगून टाकलं. ताई दवाखान्याबाहेर येऊन बराच वेळ नुसती उभी राहिली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कारखान्यातून घरी आल्यावर अंगातला शीण उतरतो तो गिटार गळ्यात अडकवल्यावर, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

जोर कमी करायचे मार्ग दोन. एक, पातळ तारा. पण नऊच्या तारा म्हणजे शिवणाचा दोरा, त्यावर तिचा भरदार आवाज निघायचा कुठून? दुसरा मार्ग सोपा होता. तारा जाड त्याच ठेवायच्या आणि सगळी गिटार अर्ध्या सुरानं उतरवायची. ताण सैलावतो, बोट वाचतं, आवाज उलट भारदस्त होतो. फक्त गाणाऱ्यानं पांढरी तीनऐवजी काळी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर खालच्या पट्टीत गायचं. मास्तरांना कीबोर्डवर एक बटण दाबायचं. बस.

ती भावाच्या घरी गेली. तो ओट्याशी उभा राहून गरम पाण्यात मध ढवळत होता. तिनं बोट दाखवलं, सगळं सांगितलं.

"छे, ताई," तो म्हणाला. "माझा आवाज त्याच पट्टीत खुलतो. आणि लोकांना कळतं गं. माझ्या कानाला तर पहिल्या सुराला कळेल."

वास्तविक वरच्या सुराशी त्याचा गळा कधीचाच चिरकत होता. तिथे तो माइक लांब धरायचा, नाहीतर लोकांकडे वळवायचा, म्हणजे त्यांनी गावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ताई घरी आली आणि तशीच वाजवत राहिली. ती गप्प बसली, हीच तिची चूक. एरवी कपभर चहासाठी मुकादमाला जिन्यात पाठवणारी बाई भावापुढे मात्र थोरली बहीण होऊन बसली.

मग त्यानं उपकार केले. गिटार साफ करून आणतो म्हणून घेऊन गेला आणि थेट कार्यक्रमाला दालनात आणून दिली. ताईनं पेटी उघडली, तारेवर बोट ठेवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊच्या तारा. न विचारता, न सांगता. पुढे लोक सूप पीत बसलेले, ड्रमवाल्यानं काठ्या उचललेल्या. वाजवायला लागलं.

ज्या हाताला अकराची सवय, तो नऊवर पडला की काय होतं ते वाजवणाऱ्याला विचारा. बोट सवयीनं दाबतं, तार वाजवीपेक्षा ताणली जाते आणि सूर चढतो. पडद्यांवर तारा खडखडत होत्या. प्रत्येक स्वरमेळ आंबट लागत होता. मास्तरांनी दोनदा मान वर करून पाहिलं. दुसरं गाणं संपल्यावर बुलबुल माइकवर हसत म्हणाला, "आमची ताई आज जरा रुसलीय सुरांवर. वय होतं हो माणसाचं."

लोक हसले. ताईनं उरलेला सगळा कार्यक्रम खाली मान घालून रेटला. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही माइकवरून.

नंतर तो म्हणाला, "तुझ्याच बोटासाठी केलं गं." तिनं पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो बिचारा वरमला. "ताई, मी म्हटलं होतं त्यांना, तुमच्याशी बोलून घेतो. तर म्हणाले, तिला काय कळतंय, नव्या तारा म्हणजे नव्या तारा."

"तिला काय कळतंय," ताईनं शब्द परत उच्चारले. मग म्हणाली, "अकराचा संच द्या. आणि अर्धा सूर खाली लावून द्या. गिटारच्या मानेचा बाक त्या ताणाला बसवा."

त्या संध्याकाळी ती दालनात लवकर पोचली. मास्तर कीबोर्डचं कव्हर काढत होते.

"मास्तर, आज सगळं काळी दोन."

मास्तर घाबरले. "अहो ताई, त्याला कळलं तर?"

"तर कळू दे. बटण दाबा."

मास्तरांनी बटण दाबलं. बुलबुल कोट सावरत आला, माइक घेतला, लोकांना नमस्कार केला आणि ताईनं वाजवलेल्या सुरावर गायला लागला. सहज. पहिल्या गाण्यात ताईचा जीव मुठीत होता. दुसऱ्यात तिला बोटाचा विसर पडला. तिसऱ्यात ती कुप्रसिद्ध वरची जागा आली. माइक लांब गेला नाही, लोकांकडे वळला नाही. सूर लखलखीत लागला. जेवणाऱ्यांनी काटे-चमचे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ताईला आनंद व्हायला हवा होता. तिला इतका संताप आला की ड्रमवाल्याच्या काठ्या घेऊन मोडाव्याशा वाटल्या.

कार्यक्रम संपल्यावर स्वयंपाकघरामागच्या खोलीत बुलबुल घाम पुसत बसला. "आज गळा काय लागला होता, ताई. त्या वरच्या जागेला दमसुद्धा ओढावा लागला नाही. मध भिनतो बघ हळूहळू."

मास्तर बुटांची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

"मध नाही," ताई वायर गुंडाळत म्हणाली. "अर्धा सूर खाली गायलास. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तो हसला. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी होकारार्थी मान डोलावली. बुलबुलच्या तोंडावरचं हसू विरलं आणि त्यानं विचारलं ते एवढंच, "लोकांना कळलं असेल?"

बहिणीच्या बोटाचं नाही, लोकांचं.

"कुणालाही नाही कळलं," ती म्हणाली. "तुला तरी कुठे कळलं?"

तो रुमालाची घडी घालत पुटपुटला, "सांगायचं तरी होतंस आधी."

"सांगितलं होतं. तुझ्या ओट्याशी उभी राहून. हे बोट तुझ्या नाकासमोर धरून. त्या कानासाठी मी हे बोट वाकडं करून घेतलं, ज्या कानाला काही ऐकूच येत नाही. आणि वर तू मला म्हातारी म्हणालास, लोकांसमोर."

तिनं गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं. पेटीची कडी जुनी, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय बसत नसे. डावा हात नीट दाबेना. बुलबुल उठून पुढे वाकला.

"हात लावायच्या आधी विचारायचं," ताई म्हणाली.

त्याचा हात तिथेच थांबला. "लावू का?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि गुडघ्यानं दाबून तिनं कडी स्वतःच बसवली.