उन्हात उघडलेला डोळा

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझं ऐकायची सवय नव्हती आणि मला गप्प बसायची. त्यामुळं जालना रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमधून दिवसभर दोनच आवाज यायचे, एक त्यांच्या ड्रिलचा आणि एक माझा. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत.

गाडीच्या पुढच्या काचेला खडा लागून तडा गेला की तो भरून द्यायचा, हा आमचा धंदा. शहर तेव्हा वाटेल तसं पसरत होतं. शेंद्र्याला कारखाने, करमाडपर्यंत प्लॉटिंगचे बोर्ड, मुरूम वाहणारे टिप्पर, आणि दुष्काळ म्हणून पाण्याचे टँकर, सगळे त्याच रस्त्यानं ऊर फुटल्यागत पळायचे. चाकाखालची खडी उडायची, मागच्याची काच तडकायची, आणि तो शिव्या देत आमच्या दारात यायचा. कुणाचं वाईट चिंतू नये, पण खरं सांगते, टिप्पर गेला की मी मागनं येणाऱ्या गाडीकडं बघायची.

तड्यात भरायचं केमिकल पाण्यासारखं पातळ असायचं. ड्रिलनं तड्याच्या तोंडाशी बारीक भोक पाडायचं, त्याच्यावर एक छोटा पंप चिकटवायचा आणि त्याचा स्क्रू आवळत आवळत केमिकल आत ढकलायचं. ऊन लागलं की ते दगड होतं. मोठ्या ठिकाणी त्यासाठी निळ्या उजेडाचा दिवा असतो; आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून मालक ऊनच वापरायचे. भरताना काचेवर पुठ्ठ्याची सावली धरायची, भरून झालं की पुठ्ठा काढायचा. आमच्याकडचं उन्हाळ्याचं ऊन ते, तव्यावरची भाकरी भाजायला वेळ लागेल, पण ह्याला नाही. एखाद्यानं मधेच पुठ्ठा हलवला की मालक त्याच्या अंगावर जायचे. "ओ भाऊ, ऊन लागू देऊ नका त्याला, सत्यानाश व्हईल सगळा!"

हे काम ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली शिकले. तिथं डोळ्याला बंद चष्मा, हाताला जाड मोजे, अंगात लांब बाह्या, त्याशिवाय आत सोडत नसत. ठेका संपला, स्वतःची शेड टाकली, आणि ह्या माणसानं पहिलं काम काय केलं असेल, तर चष्मा कपाळावर चढवला. मोज्यांची बोटं कात्रीनं कापली. "बोटाला काच कळाली पायजे," म्हणे.

"अहो, डोळे कपाळाला आहेत का तुमचे?" मी विचारायची.

"घामानं धुकं धरतंय त्याच्यावर. पुसायला पाणी दे, मग घालतो."

पाणी! तिथंच माझं तोंड बंद व्हायचं. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. शेडमध्ये एक निळा ड्रम होता, तो टँकरवाल्याच्या मर्जीवर. हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही फेकत नव्हतो, ते परत त्याच ड्रममध्ये जायचं आणि त्याच्यावर गाड्या पुसल्या जायच्या. मालकांनी तर हाताला पाणी लावणंच सोडलं. थिनरच्या फडक्यानं हात पुसायचे आणि जेवायला बसायचे.

थिनरनं केमिकल निघतं, आणि त्याच्या संगतीनं कातडीतलं तेलही निघतं. आधी बोटं पांढरी पडली. मग खाज. मग चिरा, इतक्या खोल की भाकरी मोडताना रक्त यायचं. मी रात्री खोबरेल लावून जुन्या धोतराच्या चिंध्या बांधायची, सकाळी ते सोडून परत तेच. कातडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे केमिकल एकदा अंगाला बाधलं की पुढं थेंबही सोसत नाही, अख्खे मोजे घाला, थिनर बंद करा. मालक बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांना काय जातंय सांगायला." हाताच्या चिरांचं मला वाईट वाटायचं, पण हात जाणार नाहीत, एवढा धीर होता. डोळ्याची मला पहिल्यापासून भीती होती.

केमिकलच्या खोक्यावर एक चित्र होतं. डोळा, आणि त्याच्यावर नळाची धार. ते बघून मी म्हणलं होतं, "ह्यांना म्हणावं, या आमच्याकडं, डोळा आम्ही दाखवतो, नळ तुम्ही दाखवा." दोघंही लई हसलो होतो.

ते झालं ते भर दुपारी, टँकर आला नव्हता त्या दिवशी. सोयगावकडची एक जीप आली होती, म्हणजे माझ्या माहेरच्या रस्त्याची. म्हणून मी जीपवाल्याशी गावाकडच्या विहिरींचं बोलत बसले होते, कुणाची आटली, कुणाची टिकून आहे. मालक दारासमोर जीपच्या बॉनेटवर वाकून स्क्रू आवळत होते. तडा अवघड होता, केमिकल आत जात नव्हतं, ते आणखी आवळत राहिले. मला फटकन आवाज आला. पंप काचेवरनं निसटला होता आणि आतलं केमिकल सरळ त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं होतं.

"काय झालं?"

"काय नाय. थोडं उडालंय." आणि त्या थिनरच्या हातानं डोळा चोळायला लागले.

मी ओरडले, "हात लावू नका!" आणि ड्रमकडं धावले. तळाला दोनेक मग पाणी होतं. मग भरला आणि बघितलं, तर वर तेलाचा तवंग आणि आत काचेची कणी चमकत होती. आमच्याच हातांनी धुतलेली. ते पाणी डोळ्यात मारू की नको? जगात कुठल्या बाईवर असली वेळ यावी? तो मग तसाच टाकला, मालकांना शेडमध्ये बसवलं आणि बाजूच्या चहाच्या टपरीकडं पळाले. टपरीवाल्यानं एक शब्द विचारला नाही, चहासाठी ठेवलेली कळशी उचलून माझ्या हातात दिली. तीही अर्धीच.

परत आले तर मालक शेडमध्ये नव्हते.

ते बाहेर, जीपच्या आरशासमोर उकिडवे बसले होते. शेडमध्ये अंधार, डोळ्यात काय गेलंय ते दिसेना, म्हणून उजेडात आले होते. दोन बोटांनी पापण्या ताणून, डोळा सताड उघडा धरून, तोंड सूर्याकडं करून आरशात शोधत होते.

मी कळशी घेऊन तशीच धावले. "अहो, उन्हात काय करताय! ऊन लागतंय त्याला!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरनं मला कळलं की ह्या माणसाला आत्ता, ह्या क्षणाला आठवलं. दिवसभर दुसऱ्यांना ओरडणारा माणूस. पण डोळ्यात काही गेलं की माणूस उजेडाकडं धावतो, आईनंही लहानपणी कुसळ काढायला उंबऱ्याबाहेर उजेडातच नेलेलं असतं. धंद्याचं शहाणपण काचेपुरतं होतं, डोळ्याला ते लावायचं सुचलं नाही.

त्यांना सावलीत ओढून मी डोळ्यावर कळशी रिकामी केली. पापणीचे केस एकमेकांना चिकटून ताठ झाले होते. बुबुळावर काहीतरी साय धरल्यासारखं दिसत होतं. मालक एवढे कणखर, पण माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथं बोटं उमटली.

जीपवाला म्हणाला, "ताई, बसा गाडीत." त्याच तडकलेल्या काचेनं त्यानं गाडी काढली. जालना रोडवर कुठं खोदकाम, कुठं पुलाचं काम, सगळी वाहनं एकाला एक चिकटून उभी. मी खिडकीतनं तोंड काढून समोरच्यांना शिव्या घालत होते. निम्म्या वाटेत जीपवाल्यानं कपाळावर हात मारला. "आयला, ताई! रेडिएटरसाठी कॅन भरून ठेवलाय मागं. पाणीच हाय की त्याच्यात!"

सीटखाली कॅन होता. गावाकडच्या विहिरीचं स्वच्छ, थंड पाणी, झाकणापर्यंत भरलेलं. आम्ही तिघं त्या शेडमध्ये पाणी पाणी करत होतो तेव्हा ते तिथंच होतं. कुणाला दोष देणार? गाडीचं पाणी म्हणजे गाडीचं, ते माणसाला लागेल असं त्या दिवसांत डोक्यातच येत नव्हतं. मी मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखाना येईपर्यंत धार सोडत राहिले. माझं लुगडं, सीट, सगळं चिंब झालं.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावून डोळा धुतला. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "लगेच पाणी मारलं होतं का?"

"मॅडम, असतं तर मारलं असतं!" मी फाडकन बोलले. त्या बिचारीचा काय दोष.

"पहिली काही मिनिटंच महत्त्वाची असतात," त्या हळू म्हणाल्या. "बरं, नंतर उन्हात गेले होते?"

"नाय," मालक म्हणाले.

"गेले होते," मी म्हणलं.

मग सुरू झाले ते थेंब, मलम आणि पट्टी. शेडला कुलूप. गुंठेवारीतल्या आमच्या दोन खोल्यांत मालक खाटेवर पडून, आणि मी डोळ्यात औषध घालते आणि बुबुळ बघते, औषध घालते आणि बुबुळ बघते. लालपणा ओसरला तसं आत पांढरं दिसायला लागलं. आमच्याकडं त्याला फूल पडणं म्हणतात. कुणी ठेवलं असेल हे नाव, देव जाणे. मी त्यांना सांगितलं नाही, आणि घरातला आरसा पेटीत टाकला.

त्यांना काय कळत नव्हतं होय? कळत होतं. पण शेजारचं कुणी बघायला आलं की म्हणायचे, "झालाच की बरा! फकस्त थोडं धुरकट हाय." एकटे असले की डावा डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसायचे. मी आले की पटकन उघडायचे.

मॅडमनी आधीच बजावलं होतं. तड्याचं काम बारीक, ड्रिलचं टोक काचेत किती खोल गेलं ते कळायला दोन्ही डोळे पाहिजेत, आणि उरलेला डोळा त्या केमिकलजवळ न्यायचा नाही. उजव्यानं नीट दिसलं तरच पुन्हा काम. ते वाक्य मालकांच्या मनात रुतून बसलं होतं. एकदा जेवताना मधेच म्हणाले, "मला दुसरं येतंय काय? शेंद्र्याला गेटवर शिट्टी घेऊन उभा राहू?" मी म्हणलं, "राहा की, शिट्टी वाजवायला काय डोळे लागतात?" आणि आत जाऊन रडले. मला असंच बोलता येतं, काय करू.

तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पोराला शाळेत घालायला न्यावं तसं मी त्यांना घेऊन गेले. रस्त्यात एक टिप्पर गेला तर म्हणाले, "बघ, शेडसमोर आत्ता रांग लागली असंल." त्यांची सगळी आशा त्या शर्टाच्या घडीत दिसत होती, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मॅडमनी समोर बसवलं. "डावा डोळा हातानं झाका. आता सांगा, किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"एक."

"आता?"

"पाच. अख्खा पंजा."

मॅडमचा चेहरा उजळला. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. देवा, तू आहेस, असं मनात आलं. वाटलं, जाताना पेढे घ्यावेत. आणि मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं गेलं. त्या चिरा पडलेल्या, वाकड्या बोटांत फट होती. लहान मूल डोळे झाकून लपंडावात बघतं तसे ते फटीतनं बघत होते.

मॅडमना दिसलं नव्हतं. त्या कागदावर लिहायला वाकल्या होत्या. मी गप्प बसले असते तर आम्ही तिथनं उठून थेट शेडवर गेलो असतो, कुलूप काढलं असतं. त्यांना किती आनंद झाला असता, ते मला ठाऊक होतं. आणि उरलेल्या डाव्या डोळ्याचं पुढं काय झालं असतं, तेही मला ठाऊक होतं.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यांचा हात धरून खाली घेतला आणि माझा तळवा त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला, घट्ट, कुठं फट राहणार नाही असा.

"मॅडम, आता विचारा," मी म्हणलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. दोन बोटं समोर धरली. "किती?"

मालकांनी मान पुढं ताणली.

मॅडमनी हात अगदी नाकाजवळ आणला. "बोटं दिसतात का?"

"नाय."

"मी दिसते?"

"नाय. उजेड हाय. कुणीतरी हलतंय."

माझा तळवा आतनं ओला झाला. त्यांनी माझा हात काढायचा प्रयत्न केला नाही, आणि मीही काढला नाही.